पेडल-कयाकचा ड्राइव्ह वाजतोय? पाना उचलण्याआधी हे वाचा

पेडलवर चालणारी कयाक, म्हणजे पायाने चालवायची लांबट होडी, वाजायला लागली की नवखा माणूस घरातला पाना काढतो आणि दिसेल तो नट आवळत सुटतो. आवाज तेवढ्यापुरता दबतो. पुढच्या रविवारी तो परत येतो, आणि तोवर एखाद्या बोल्टचे आटेही गेलेले असतात. बेळगाव, खानापूर, जोयडा, कारवार या पट्ट्यात पेडल-कयाकचा खास मिस्त्री शोधायला निघालात तर शेवटी सायकलवाला, लेथवाला आणि बेअरिंगचं दुकान यांच्याच दारात उभं राहावं लागतं. तेवढे पुरतातही. फक्त काय बिघडलंय हे आपल्याला त्यांना नेमकं सांगता आलं पाहिजे. नुसतं 'वाजतंय' म्हटलं तर तो बिचारा सगळंच उघडून ठेवेल.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऐका, मग धुवा, मग हाताने हलवून बघा, आणि आवळायचं ते त्यानंतर. गिअरबॉक्स उघडणं सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा तिथवर जायची पाळीच येत नाही.

ड्राइव्ह कुठल्या जातीचा?

पेडलचा जोर पाण्यापर्यंत पोचवणारं यंत्र म्हणजे ड्राइव्ह. बाजारात त्याच्या मुख्य जाती दोन. पहिली पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. पेडल सायकलसारखे गोल फिरतात. वरच्या डब्यात तिरक्या दात्यांचे गिअर, तिथून खाली जाणारा उभा दांडा, खालच्या डब्यात पुन्हा गिअर आणि शेवटी पंखा. उलटं पेडल मारलं की कयाक मागे येते. पेडलच्या एका फेरीत पंखा बऱ्याच फेऱ्या मारतो. ओल्ड टाउन कंपनीच्या पीडीएल ड्राइव्हचं गुणोत्तर १०.३ ला १ आहे. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

दुसरी जात परांची, म्हणजे फिनची. होबी कंपनीने १९९७ साली मिराज ड्राइव्ह आणला तो या जातीतला. यात पेडल गोल फिरत नाहीत, आळीपाळीने पुढे-मागे ढकलायचे असतात. खाली दोन लवचिक पर डावी-उजवीकडे झुलतात आणि कयाक पुढे सरकते. आत चेन, केबल, पुली असा संसार असतो.

जात आधी ओळखायची, कारण उपाय वेगळे. पंख्याच्या ड्राइव्हमधली 'टकटक' आणि परांच्या ड्राइव्हमधली 'टकटक' यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. इंटरनेटवर एकाचा इलाज वाचून दुसऱ्यावर करू नका.

पाण्यावर असतानाच कान द्या

आवाजाचं ठिकाण कानाने शोधायला गेलात तर फसाल. कयाकचं पोट पोकळ आणि प्लास्टिकचं. एका टोकाला काही खटकलं तरी ते ढोलकीसारखं सगळीकडून घुमतं. मागच्या सुकाणूची दोरी आपटत असते आणि आपल्याला वाटतं गिअर गेला. ठिकाणापेक्षा ताल जास्त खरं बोलतो.

पंख्याचा ड्राइव्ह असेल तर हळू पेडल मारा आणि मोजा. पेडलच्या एका पूर्ण फेरीत 'टक' एकदाच येते का? मग बिघाड पेडल, क्रँक (पेडल ज्यावर बसतो तो दांडा) किंवा वरच्या आसाकडे. एका फेरीत दोनदा येत असेल तर दोन्ही पायांच्या दाबाला काहीतरी हलतंय: बहुधा ड्राइव्हची बैठक किंवा तुमची सीट. एका फेरीत आठ-दहा वेळा भराभर टकटक होत असेल तर ती पंख्याच्या वेगाने होते आहे, म्हणजे खाली बघा. एवढ्या एका मोजणीवर निम्मा शोध संपतो. तुमच्या ड्राइव्हचं गुणोत्तर माहीत नसेल तर जमिनीवर पेडल सावकाश एक फेरी फिरवून पंख्याच्या फेऱ्या मोजून घ्या.

मग पेडल थांबवा आणि कयाक तशीच वाहू द्या. आवाज चालूच राहिला तर ड्राइव्ह निर्दोष आहे. सुकाणू, दोऱ्या, मागच्या कप्प्यात लोळणारी पाण्याची बाटली, यांच्याकडे वळा. हसू नका, बाटलीपायी गिअरबॉक्स खोलणारे लोक आहेत.

नंतर सीटवरून पाठ थोडी उचलून पेडल मारा. आवाज गेला? मग करकर सीटच्या चौकटीची. पेडल मारताना पाय जेवढ्या जोराने पुढे ढकलतात तेवढाच जोर पाठीमागून सीटवर येतो, आणि ॲल्युमिनियमची चौकट प्लास्टिकच्या खाचेत घासते. सीट जास्त मागे असेल तर पाय पूर्ण ताणले जातात, कंबर डावी-उजवी डोलते आणि सगळंच वाजायला लागतं. पेडल सगळ्यात लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. फुकटातला हा उपाय पहिल्यांदा करायचा.

पेडल पुढून मागे उलटवताना एक 'टक' होते, ती मात्र स्वाभाविक. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेलीच असते आणि दिशा बदलली की ती जागा भरून निघते. नवीन असताना ही मोकळीक किती होती ते एकदा हाताने बघून ठेवा. ती वाढत गेली तर काळजी करायची. अजिबात न हलणारा ड्राइव्ह म्हणजे चांगला ड्राइव्ह, ही समजूत काढून टाका.

मोबाइलवर आवाजाचा व्हिडिओ घ्या. मिस्त्रीला दाखवायला तो लागतो, कारण दुकानात नेल्यावर यंत्र नेमकं गप्प बसतं.

हात पाण्यात घालण्याआधी

आपल्याकडची एक गोष्ट बाहेरच्या मार्गदर्शकांत सापडत नाही. दांडेलीजवळच्या काळी नदीत मगरी आहेत, आणि चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णेतही आहेत. पंख्यात काही अडकलं म्हणून कयाकवरून ओणवं होऊन खाली हात घालायचा नाही. ड्राइव्ह वर उचलता येतो तो त्यासाठीच. उचला, कयाकमध्ये घ्या, मग साफ करा. उचलता येत नसेल तर वल्ह्याने किनारा गाठा. पेडलची कयाक असली तरी वल्हं सोबत हवंच, आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको.

चाचणीसाठी पाणी निवडतानाही डोकं वापरा. राकसकोप हे बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचं धरण. तिथे कयाक घेऊन जायचा विचारही नको. हिडकल, नविलुतीर्थ, सुपा यांसारख्या धरणांच्या फुगवट्यात उतरायचं तर संबंधित खात्याला विचारूनच. गणेशगुडीच्या खाली काळीचं पाणी सुप्याहून किती सोडलंय त्यावर चढ-उतार करतं. दुरुस्त केलेला ड्राइव्ह पहिल्यांदा तपासायची ती जागा नव्हे. संथ, उथळ काठ आणि जवळ कोणी ओळखीचा माणूस एवढं पुरे.

धुणं: अर्धी दुरुस्ती इथेच होते

ड्राइव्ह काढा आणि बादलीभर गोड्या पाण्यात नीट धुवा. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती बारीक आणि करकरीत असते, ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. चिकोडी-अथणीकडची काळी माती चिकट. ती खाचांमध्ये बसून सुकली की ड्राइव्ह आपल्या जागी पूर्ण बसतच नाही, लॅच, म्हणजे त्याला जागी धरणारा खटका, अर्धवट लागतो आणि मग ढिला वाटतो. कारवारच्या खाडीतून आला असाल तर मीठ. मिठासाठी नुसतं पाणी ओतून भागत नाही. थोडा वेळ बुडवून ठेवा आणि पेडल फिरवत राहा.

जोरदार पाण्याची नळी किंवा गाडी धुण्याचा प्रेशर पंप दांड्याभोवतीच्या रबरी सीलवर धरू नका. सील बाहेरचं पाणी अडवायला असतं, पण तेवढ्या दाबाचं नाही.

आता पंख्याच्या मागे, जिथे तो दांड्यावर बसतो तिथे नीट बघा. पंखा काढून बघा. तिथे गळाचा तंगूस गुंडाळलेला सापडण्याची शक्यता दाट. जिथे लोक गळ टाकतात तिथे तुटलेला तंगूस पाण्यात असतोच, आणि तो दिसत नाही. तो दांड्याभोवती फिरत फिरत सीलच्या ओठाखाली शिरतो, ओठ कापतो आणि पाण्याला आत वाट करून देतो. सुरीने कापू नका, सीलला लागेल. टोक शोधून चिमट्याने उलटं उलगडा. केंदाळाची मुळं तेवढी घातक नाहीत, पण ती पंख्याचा तोल घालवतात आणि पायांना धडधड जाणवते.

परांच्या ड्राइव्हला केंदाळाचा त्रास कमी. वाळूचा जास्त, कारण चेन उघडी.

हाताने हलवून बघा: पेडल आणि क्रँक

ड्राइव्ह टेबलावर किंवा शिकंज्यात मऊ कापड लावून धरा. लहान मुलं, ओढणी, लोंबणारी बाही दूर. पेडल सावकाश फिरला तरी पंखा त्याच्या कित्येक पट वेगाने फिरतो आणि बोटाला दयामाया दाखवत नाही.

एका हाताने क्रँकचा दांडा धरा, दुसऱ्याने पेडल हलवा. पेडल क्रँकशी जिथे जोडलाय तिथे हलत असेल तर तो सैल आहे. पेडल स्वतःच्या आसावर डुगडुगत असेल तर त्याचं बेअरिंग किंवा बुश (आस ज्यात फिरतो ती छोटी नळी) झिजलंय. बऱ्याच पंख्याच्या ड्राइव्हना सायकलच्याच आट्यांचे पेडल असतात, व्यास ९/१६ इंच, पाना १५ मिलिमीटरचा किंवा मागून एलन की. तसे असतील तर झिजलेल्या पेडलवर वेळ घालवू नका, सायकलच्या दुकानातून नवी जोडी आणा.

आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळला जातो. पेडलच्या आसावर डाव्यासाठी 'एल' आणि उजव्यासाठी 'आर' कोरलेलं असतं, ते वाचा. मिस्त्रीकडे देतानाही सांगा, 'अण्णा, डावा उलटा आहे.' त्याला माहीत असतं, पण गर्दीच्या वेळी सांगितलेलं बरं. लोखंडी आस चुकीच्या दिशेने रेटला की ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे सोलून निघतात, आणि मग हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवणं किंवा नवीन क्रँक घेणं एवढेच रस्ते उरतात. बसवताना पहिल्या दोन-तीन फेऱ्या बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका जातोय.

आता क्रँकचा दांडा आडवा हलवा, कयाकच्या डाव्या-उजव्या काठाच्या दिशेने. एकच दांडा हलला तर त्याचा बोल्ट सैल. एक हलवल्यावर दुसराही सोबत हलला तर मधला आस, म्हणजे वरचं बेअरिंग. हा फरक नीट पाहा, कारण पहिलं काम पाच मिनिटांचं आणि दुसरं गिअरबॉक्सचं. सैल क्रँक तशीच चालवली तर ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होत जातं, आणि ते एकदा झालं की कितीही आवळा, पुन्हा सैल होणार.

आवळण्याआधी बोल्ट काढून आटे पुसा. धातूत धातू बसणाऱ्या बोल्टला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारं द्रव, एक थेंब लावा. लाल नको, ते काढायला गरम करावं लागतं. रात्रभर सुकू द्या. पण हे द्रव प्लास्टिकवर सांडू देऊ नका. काही जातींच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. पेडलच्या आट्यांना मात्र थ्रेडलॉकरऐवजी ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यानंतर पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे धरून बसतात की काढताना क्रँकच मोडते.

काम झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. घरात नेलपॉलिश कुणाचं घ्यायचं ते विचारून घ्या.

बैठक आणि लॅच

ड्राइव्ह कयाकमध्ये बसवून, लॅच लावून, वरून धरून पुढे-मागे रेटा. सगळा ड्राइव्ह हलतोय? मग दोष ड्राइव्हचा नसून खोबणीचा. लॅचची स्प्रिंग मेली असेल, पिनचं भोक मोठं झालं असेल, खोबणीतले रबरी तुकडे दबले किंवा हरवले असतील.

रबर हरवलं असेल तर जुन्या हवाई चपलेचा ईव्हीए तळवा किंवा सायकलची ट्यूब कापून पातळ पट्टी बसवा. एका वेळी एकच पातळ थर. जाड पट्टी कोंबून ड्राइव्ह घट्ट केला तर मजा वाटते, पण उथळात दगड लागल्यावर तो झटक्यात उचलता आला पाहिजे. दोन हातांनी ओढूनही निघत नसेल तर पट्टी जाड झाली. कंपनीची मूळ पट्टी मिळाली की ही काढून टाका.

खोबणीच्या प्लास्टिकला बारीक चीर दिसली तर पाण्यात उतरू नका. तिथून पाणी थेट कयाकच्या पोटात जातं. बहुतेक कयाकी पॉलिथिनच्या असतात आणि पॉलिथिनला एम-सील किंवा साधा इपॉक्सी धड चिकटत नाही. प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडेच न्यावं लागतं.

मार्च ते मे गच्चीवर उन्हात ठेवलेली किंवा गाडीच्या कॅरियरवर पट्ट्यांनी करकचून बांधलेली कयाक हळूहळू आकार बदलते. गरम पॉलिथिन मऊ होतं. मग खोबणी वाकडी, ड्राइव्ह एका बाजूला टेकलेला आणि रोज एक नवा आवाज. सावलीत, रुंद आधारावर ठेवा.

पंखा आणि शिअर पिन

पंखा धरून दांड्याच्या रेषेत आत-बाहेर हलवा. किंचित हलला तर चालतं. वर-खाली डुगडुगत असेल तर खालचं बुश किंवा बेअरिंग झिजलंय. पात्यांची टोकं एका ठिकाणी पेन्सिल धरून फिरवून बघा. एखादं पातं पेन्सिलीपासून दूर जात असेल तर ते वाकलंय, आणि पाण्यावरची गुणगुण त्याचीच.

पेडल एकदम हलका झाला, पाय भराभर फिरतात आणि कयाक जागची हलत नाही, असं झालं की ज्या ड्राइव्हला शिअर पिन आहे त्यात ती तुटलेली असते. घाबरू नका, ती तुटण्यासाठीच असते. पंखा दगडाला किंवा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला आदळला की आधी ती मोडते आणि गिअर वाचतात. धरणाच्या फुगवट्यात असे जुने बुंधे पुष्कळ. म्हणून तिच्या जागी खिळा, ड्रिलचा तुकडा किंवा सायकलचा स्पोक घालणं हा जुगाड करू नका. पुढच्या धडकेला खिळा टिकेल आणि गिअरचे दाते जातील. मूळ मापाच्या आणि मूळ धातूच्या दोन-तीन पिना, एक जादा नट आणि छोटा पाना प्लास्टिकच्या डबीत ठेवून ती डबी सीटला बांधा.

परांचा ड्राइव्ह असेल तर

पर धरून उलटसुलट फिरवा. पराच्या आत पोलादी दांडी असते. ती आपल्या खोबणीत आट्यांवर सैल झाली की पर लटलट करतो आणि प्रत्येक झोक्याला 'टक' होते. आटे पुसून ती नीट बसवा. दांडी वाकली असेल तर पर कयाकच्या तळाला घासतो. तळाला चरे दिसले की समजा. थोडी वाकलेली दांडी शिकंज्यात धरून सरळ करता येते, पण एकदा वाकलेली पुन्हा लवकर वाकते. नवीन मिळाली की बदला.

केबल काळाने थोडी ताणली जाते आणि एक पाय दाबल्यावर दुसरा पेडल उशिरा उत्तर देतो. ताण वाढवायचे नट असतात तिथे दोन्ही बाजूंना सारखे, पाव-पाव फेरी करत आवळा. केबल वीणेच्या तारेइतकी घट्ट करायची नाही. पेडल जड झाला तर परत सोडा. जादा ताणाने पुली आणि बेअरिंग खाल्ली जातात. केबलची एक जरी तार तुटून बाहेर आलेली दिसली तर आवळाआवळ बंद, केबल बदलायची. ती तार बोटात घुसते ते वेगळंच.

चेन कोरडी असेल तर किरकिर. पुसून, पातळ तेल लावून, जादाचं पुन्हा पुसून टाका. तेलाने निथळणारी चेन वाळू गोळा करते. आणि उथळात एक पेडल पूर्ण पुढे दाबून धरलात की दोन्ही पर तळाला चिकटून राहतात, हे लक्षात ठेवा. दांड्या वाकण्याचं निम्मं कारण तिथेच मिटतं.

ग्रीस कुठलं, स्प्रे कुठला

डब्ल्यूडी-४० हे मूळचं पाणी हटवण्यासाठी केलेलं द्रव. अडकलेला नट सोडवायला, ओल काढायला उत्तम. वंगण म्हणून फार टिकत नाही. ते मारलं की आवाज दोन दिवस जातो आणि असलेलं ग्रीसही धुऊन नेतं. रबर आणि प्लास्टिक घासतं तिथे सिलिकॉन स्प्रे. धातूच्या भागांना मरीन ग्रीस. ते मिळालं नाही तर पाण्याला टिकणारं कॅल्शियम ग्रीस घ्या. ते जास्त उष्णतेत टिकत नाही, पण पेडलच्या वेगाला उष्णता होते कुठे? ड्राइव्हच्या पुस्तिकेत वेगळं ग्रीस सांगितलं असेल तर तेच. जुन्यावर नवं थापू नका, आधी जुनं पूर्ण पुसा, दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. रबरी सील रॉकेलच्या डब्यात टाकून ठेवण्याची गॅरेजची सवय इथे नको.

गिअरबॉक्स: उघडायचा की नाही

ड्राइव्ह स्थिर धरून, जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर आणि मूठ कानाजवळ टेकवून दुसऱ्या कुणालातरी पेडल सावकाश फिरवायला सांगा. जुने मिस्त्री इंजिन असंच ऐकतात. एकसारखी खरखर म्हणजे बेअरिंगमध्ये घाण किंवा गंज. ठरावीक अंतराने येणारा 'कट' म्हणजे दात्याचा टवका. नुसता कोरडा सूं-सूं म्हणजे वंगण संपत आलंय.

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, विक्रेत्याला व्हिडिओ पाठवा. वॉरंटी संपलेली असेल आणि उघडायचंच ठरवलं तर स्वच्छ टेबल, वर चांगला उजेड आणि दर टप्प्याला फोटो. स्क्रू आणि वॉशर काढाल त्या क्रमाने इडलीच्या पात्रातल्या वाट्यांत ठेवा. आतले कागदासारखे पातळ वॉशर, ज्यांना शिम म्हणतात, ते फालतू समजून टाकू नका. तिरके गिअर एकमेकांत किती शिरायचे ते त्या शिमवर ठरतं. एक शिम हरवली की नवा कोरा गिअरही महिन्यात ओरडायला लागेल.

ग्रीस दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. सगळं पुसा, वाळवा, आणि सील व ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बदलल्याशिवाय बंद करू नका. नुसतं ग्रीस बदलून काही होत नाही, पाणी त्याच वाटेने परत येणार. पाणी शिरण्याचं एक कारण आपल्या उन्हाळ्यातलं आहे. गाडीच्या टपावर तापलेला ड्राइव्ह थेट गार पाण्यात घातला की डब्यातली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढते. उतरण्याआधी ड्राइव्ह थोडा वेळ सावलीत ठेवायचा, एवढाच उपाय.

बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. समजा ६००१ असेल, तर ते आतून १२, बाहेरून २८ आणि जाडीला ८ मिलिमीटर. जगात कुठेही घेतलं तरी हेच माप. क्रमांक दुकानात दाखवा आणि '२आरएस' मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं. पत्र्याच्या झाकणाचं 'झेडझेड' पाण्यासाठी नको. खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर स्टेनलेस बेअरिंग सांगा, महाग पडतं पण टिकतं.

सील आणि ओ-रिंगसाठी नमुना सोबत न्या. बेळगावात हायड्रॉलिकचा धंदा मोठा, त्यामुळे उद्यमबागेच्या आसपास सीलची मापं सांगितली की मिळून जातात. प्लास्टिकचं झिजलेलं बुश नायलॉन किंवा डेलरिनमध्ये लेथवर करून घेता येतं. लेथवाल्याला झिजलेलं बुश देऊन 'असंच करा' म्हणू नका, तो झिजलेलंच माप घेईल. दांडा आणि बुश ज्यात बसतं तो भाग दोन्ही न्या, त्याला मापू द्या. दातेच गेलेले असतील तर मात्र मूळ सुटा भाग मागवा. एकट्यादुकट्या तिरक्या गिअरची जोडी कापून घेणं खर्चात परवडत नाही.

परत पाण्यात

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि मगच पाण्यात तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कळणार नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, आधी सावकाश, मग जोर लावून, मग उलटं पेडल मारा. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर येऊन ड्राइव्ह काढा, नेलपॉलिशच्या रेघा बघा, पंख्याचा नट हाताने तपासा. नवीन बसवलेले बोल्ट पहिल्या फेरीत थोडे बसतात, त्यांना लागलं तर किंचित आवळा. पावसाळ्यात कयाक बंद राहणार असेल तर ड्राइव्ह धुऊन, वाळवून, उघड्या धातूला ग्रीसचा हात मारून घरात टांगा. खानापूरच्या पावसात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला ड्राइव्ह दसऱ्याला फिरेलच असं नाही. महिन्यातून एकदा पेडल हाताने चार फेऱ्या फिरवून ठेवा, म्हणजे सील दांड्याला चिकटून बसत नाही.